आऊट झालेल्यांचं पोतं

ऋषी सरांची एक खोड मला पहिल्या रविवारीच खटकली. तो माणूस फार गोड बोलतो. पोराच्या हातातून चेंडू निसटला, की "व्हेरी गुड, बाळा!" पोरगं बॅट फिरवताना स्वतःच गिरकी घेऊन पडलं, की "क्या बात है, बाळा!" एकदा मी त्यांना चहा दिला, साखर टाकायची राहिली होती, तरी घोट घेऊन म्हणाले, "आजी, एक नंबर!" अशा माणसानं केलेलं कौतुक घेऊन करायचं काय? मी उभ्या जन्मात कुणाला फुकट चांगलं म्हटलेलं नाही. सुनेला लग्नानंतर सात वर्षांनी म्हटलं, तेही भाकरीला म्हटलं, तिला नाही.

सर मूळचे जुन्नरचे. घोडेगावच्या पुढं, शिनोलीच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथल्या शाळेत ते बदलून आले आणि आल्या आल्या त्यांनी बेसबॉल काढला. लोक म्हणाले, क्रिकेट काय वाईट आहे? सर म्हणाले, क्रिकेटमध्ये दोघं खेळतात आणि बाकीची बसून राहतात, मला सगळी पोरं पळताना बघायचीत. सगळी म्हणजे सगळीच. ज्याला ऐकू येत नाही तो ऋतिकसुद्धा, आणि आमची अक्षदासुद्धा.

अक्षदा माझी नात. बारा वर्षांची. तिची बुद्धी जरा सावकाश चालते. शिबिरातल्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं, ते कागदावर आहे आणि कागद ट्रंकेत आहे. घरात ती अक्षी. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा लागली, पण एकदा लागली ती थांबली नाही. तेवढ्या बाबतीत माझ्यावर गेलीय.

गावानं सरांना साथ दिली, हे खोटं नाही. कुणी ट्रॅक्टर फिरवून शाळेमागचं रान सपाट करून दिलं. बायकांनी जुन्या पोत्यांत भाताचा कोंडा भरून तीन गाद्या शिवल्या, त्या तीन टप्प्यांना ठेवल्या. चौथी जागा, जिथून चेंडू मारायचा, तिथं पत्र्याचा तुकडा ठोकला. खेळ सोपा आहे. चेंडू मारायचा आणि पळत सुटायचं. तीन गाद्या घेऊन परत पत्र्यावर आलं, की एक रन. दोन गाद्यांच्या मधे उघड्यावर सापडलं आणि समोरच्यानं हातातला चेंडू अंगाला लावला, की आऊट. एवढं कळायला मला दोन रविवार लागले. दुसरी शिकलेल्या बाईला दोन रविवार म्हणजे काही जास्त नाहीत.

आणखी एक पोतं होतं, करंजाच्या झाडाखाली अंथरलेलं. आऊट होईल त्यानं तिथं जाऊन बसायचं. सरावाला सगळी पोरं आऊट होईपर्यंत डाव चालायचा, त्यामुळं ते पोतं हळूहळू भरत जायचं, आणि खरी गंमत तिथंच असायची. नवीन कुणी आऊट होऊन आलं, की आधी बसलेली ओरडायची, "आला, आला, माती खाऊन आला!" कुणी टपली मारायचं, कुणी टोपी उडवायचं, मग सगळी सरकून त्याला जागा द्यायची. बोरं तिथं, चिंचा तिथं, भांडणंही तिथंच. अक्षी मात्र त्या पोत्यावर कधीच दिसली नाही. ती शेवटपर्यंत सरांच्या शेजारी, त्यांची पाण्याची बाटली छातीशी धरून उभी.

घरी येताना दर रविवारी एकच प्रश्न. "आज्जे, मी कवा आऊट व्हणार?"

"तू आऊट व्हत न्हाईस हे चांगलं हाये, येडे," मी म्हणायची.

"मला पोत्यावर बसायचंय."

"घरी हायेत की चार पोती. बस कुठल्याबी."

ती खडे लाथाडत पुढं चालू लागायची. मला त्यातलं काही कळलं नाही. उलट मी काय केलं, तर घोडेगावच्या बाजारात मिरच्या निवडता निवडता सांगत सुटले, की माझी नात आजपर्यंत एकदाही आऊट झालेली नाही. आमच्या शेजारच्या बनाबाईला तर दोनदा सांगितलं. तिची नात मोहिनी टीमची कॅप्टन आणि तीही दर रविवारी पोत्यावर दिसते, हे मी मुद्दाम जोडलं. बनाबाई काही बोलली नाही. बनाबाई काही बोलली नाही की समजायचं, मागून काहीतरी येतंय.

आलंच. दुसऱ्या दिवशी मोहिनी ताक मागायला आली. तेरा वर्षांची पोरगी, मिरचीसारखी. तांब्या पुढं करून म्हणाली, "आजी, तुमी बाजारात काय सांगत व्हता? अक्षी आऊट व्हत न्हाई म्हणून?"

"मंग? खोटं हाये का?"

"ती लिंबूटिंबू हाये ना. तिला आऊट देतच न्हाईत."

हातातली रवी तशीच राहिली. लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आम्हीही लहानपणी खेळलोय. बारकं पोर खेळायचा हट्ट करायला लागलं, की त्याला घ्यायचं, पण मोजायचं नाही. ते पळालं तरी चालतं, पडलं तरी चालतं. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला कळत नाही तोवर ते खूश असतं.

"आन् तिचे रन?" मी विचारलं.

"तेबी न्हाई धरत. सर म्हणत्यात, तिला फक्त टाळ्या वाजवायच्या."

मी मोहिनीला ताक दिलं, वरून लोण्याचा गोळाही दिला. खरं बोलणाऱ्याचा मान ठेवावा लागतो. मग पदर खोचला आणि शाळेत गेले.

सर वह्या तपासत बसले होते. मला बघून उठले. "या आजी, या! बसा!"

"बसायला न्हाई आले. माझी नात लिंबूटिंबू हाये का?"

सरांचा चेहरा पडला. "तसं नाही आजी. तिला त्रास होऊ नये म्हणून. बॅटला चेंडू लागला तरी ती पळत नाही हो. उभीच राहते. आपण 'पळ, पळ' म्हणून ओरडलो की आणखीच गोंधळते. तिला आऊट दिलं तर तिला वाईट वाटेल."

"कुणाला? तिला, का तुमाला?"

ते खिडकीतून मैदानाकडं बघत राहिले. मी म्हटलं, "सर, ती दर रविवारी इचारती, मी कवा आऊट व्हणार. मला वाटलं पोरगी येडी हाये. येडी मी व्हते. तिला तुमच्या टाळ्या नकोत. तिला त्या पोत्यावर बसायचंय."

"तीन आठवड्यांनी येडगावची टीम येतेय," सर हळूच म्हणाले. "तोपर्यंत ती सांगितल्यावर पळाली आणि सांगितल्यावर थांबली, तर यादीत तिचं नाव घालतो. मग तिचं सगळं मोजायचं. रनही, आऊटही."

"लिवून द्या."

"आजी, शब्द दिला."

"तुमी समद्यांनाच गोड शब्द देता. लिवून द्या."

त्यांनी खरंच वहीचं पान फाडून लिहून दिलं. मला त्यातलं निम्मंच वाचता आलं, पण खाली सही होती.

आता तिला पळवायचं कसं? मी "पळ" म्हणून बघितलं, तिच्या बापानं म्हणून बघितलं, शेरडाच्या मागं धावायला लावलं. शेरडू धावलं, ही उभी. चार दिवस गेले.

तिचा बाप, म्हणजे माझा सुभाष, एसटीत कंडक्टर आहे. अक्षी लहानपणापासून त्याच्याबरोबर भीमाशंकरच्या गाडीत बसून जाऊन येते, आणि घरी आली की ओट्यावर एसटीच खेळते. कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभी राहते आणि "शिनोली, शिनोलीवाले उतरा!" अशी आरोळी ठोकते. मग डिंभे, मग तळेघर. थांबे तिला क्रमानं पाठ. पाचव्या दिवशी मी देवाला दिवा लावत होते. घंटी हातात घेतली, एकदा वाजवली आणि ठसका लागला म्हणून थांबले. बाहेर ओट्यावर अक्षी चालता चालता जागच्या जागी थांबली. एक पाय वर तसाच. मला नवल वाटलं. मी दोनदा वाजवली. टिंग टिंग. ती निघाली.

एक घंटी, गाडी थांबते. दोन घंट्या, गाडी सुटते. तिच्या बापानं पंधरा वर्षं दुसरं केलंय काय! मी पुन्हा एकदा वाजवली. थांबली. दोनदा वाजवली. निघाली ती थेट गोठ्यापर्यंत.

मी देवाला नमस्कार केला आणि घंटी कमरेला खोचली. सून साधना म्हणाली, "आत्याबाई, देवाची घंटी मैदानात नेणार?"

"देव कोनाड्यात बसून कंटाळलाय. त्यालाबी जरा खेळ बघू दे."

बाकीचं पोरांनी केलं. मोहिनीनं खडूनं पहिल्या गादीवर शिनोली लिहिलं, दुसऱ्या गादीवर डिंभे, तिसऱ्या गादीवर तळेघर. पत्रा म्हणजे घोडेगाव स्टँड. मी पत्र्याशेजारी घंटी घेऊन उभी राहायची. अक्षीनं चेंडू मारला, की टिंग टिंग. शिनोलीला पोचली, की टिंग. पहिल्या रविवारी ती शिनोलीला थांबून "उतरा, उतरा" म्हणत राहिली, मागून पळत येणारा ऋतिक तिच्यावर आदळला आणि दोघं मातीत पडली. सर म्हणाले, "व्हेरी गुड!" मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्या रविवारी ती तळेघरपर्यंत गेली. तिसऱ्या रविवारच्या आधी सरांनी यादी फळ्यावर लावली. आठवं नाव अक्षदाचं. मी ते बोटानं चाचपून बघितलं.

येडगावची पोरं टेम्पोतून आली. धरणाच्या काठची पोरं, दमदार, एकसारखे निळे शर्ट. आमच्यातल्या निम्म्यांचे शाळेचेच कपडे. पंचांना सरांनी घंटीचं सांगितलं. पंच म्हणाले, कुणी ओरडून सांगतो, कुणी हातानं खुणावतो, घंटीला काय हरकत आहे? येडगावच्या पोरांबरोबर आलेल्या बाईंनीही मान हलवली.

एकच धोका मला दिसत होता. सावळेराम गारीगारवाला. सायकलला पेटी बांधून तो आला होता, आणि त्याची घंटी आणि माझी घंटी घोडेगावच्या एकाच दुकानातली. आवाजात सुताचाही फरक नाही. मी त्याच्याकडं गेले.

"सावळ्या, आज घंटी वाजवायची न्हाई."

"मंग धंदा कसा करू, काकू?"

"तोंडानं वरड. तोंड कशाला दिलंय? माझ्या नातीचा डाव हाये."

"अक्षी खेळती?" त्याचा चेहरा फुलला. "मंग नाय वाजवत. तुमची शपथ." त्यानं घंटीच्या आतला लोलक मुठीत धरला, पेटी खाली उतरवली आणि तसाच मूठ वळून तिच्यावर बसला.

खेळ रंगला. कोण किती पळालं ते मला सांगता यायचं नाही, पण शेवटचा डाव आला तेव्हा येडगावचे सात आणि आमचे सहा होते, आणि आमचे दोघं आऊट होऊन करंजाखाली बसले होते. तिसरा आऊट झाला की संपलं. पत्र्यावर आली अक्षी.

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम. मी नजर वळवली. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला बॅट लागली. फार जोरात नाही, पण चेंडू गवतात घुसला. टिंग टिंग! अक्षी सुटली. शिनोली! टिंग. थांबली. सगळी वाडी ओरडली. बनाबाईसुद्धा ओरडली, मी ऐकलं.

मग ऋतिक आला. त्याला काही ऐकू येत नाही, त्यामुळं लोकांच्या ओरड्यानं तो घाबरत नाही. त्यानं पहिलाच चेंडू असा हाणला, की तो पार बांधाकडं गेला. टिंग टिंग! अक्षी डिंभ्याला पोचली. चेंडू अजून बांधावरच्या निवडुंगात. मी थांबवलंच नाही, पुन्हा टिंग टिंग! ती डिंभे सोडून तळेघरच्या रस्त्याला लागली. वेण्या उडताहेत, तोंडानं "तळेघर, तळेघर" चाललंय. तिकडं सावळेराम पेटीवर उभा राहून नाचायला लागला. "पळ अक्षे, पळ गं माझी बाय!" त्यानं दोन्ही हात वर केले, आणि त्याच्या मुठीतली घंटी सुटून दगडावर पडली.

टण्.

एकच.

अक्षी रस्त्याच्या मधोमध थांबली. एक पाय वर. एक हात वर, दोरी धरल्यासारखा. मी टिंग टिंग, टिंग टिंग, घंटी तुटायची बाकी ठेवली, पण ती गोंधळून एकदा माझ्याकडं बघते, एकदा सावळ्याकडं बघते. निळ्या शर्टातली एक पोरगी चेंडू घेऊन धावत आली आणि तिनं तो हळूच अक्षीच्या खांद्याला लावला.

सावळेराम पेटीवरच खाली बसला आणि त्यानं तोंड हातांत लपवलं.

मी त्याच्याकडं चालत निघाले होते, काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं. तेवढ्यात मला अक्षी दिसली. ती करंजाकडं निघाली होती. ऐटीत. पोत्याकडं. चालता चालता फ्रॉकची माती झटकत होती, मोहिनी आऊट झाल्यावर झटकते तशी.

आणि सर धावले. तिचा हात धरला आणि तिला परत डिंभ्याकडं वळवायला लागले. "नाही बाळा, तू आऊट नाहीस! ती घंटी चुकून वाजली! पंच साहेब, प्लीज, हे धरू नका. परत एकदा पळू द्या तिला." येडगावच्या पोरांनीही माना हलवल्या. भली पोरं. एकजण म्हणाला, "चालंल सर, आमची हरकत न्हाई. ती तशी हाये ना." पंचांनी वर उचललेला हात अर्ध्यावर थांबवला.

अक्षीनं मान वळवून पोत्याकडं बघितलं. खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ मी बारा वर्षं बघतेय.

तिनं हात सोडवून घ्यायला बघितलं. "सर, मला तिकडं जायचंय."

"अगं, पण तू आऊट नाहीस, बाळा..."

खरं सांगायचं, तर त्या घटकेला मलाही वाटलं, की जाऊ द्यावं. परत पळेल, कदाचित रन होईल, मागून ऋतिकही येईल, डाव जिंकू, आणि बाजारात मला सांगायला होईल. बनाबाईचं तोंड कसं होईल तेही डोळ्यांपुढं आलं. पण तो ओठ बाहेर आलेला होता.

मी मैदानाच्या मधोमध गेले आणि सरांच्या कानाशी घंटी धरून एकदाच वाजवली. टिंग. सरसुद्धा थांबले.

"हात सोडा तिचा. पंच, आऊट हाये ती. द्या आऊट."

"आजी, पण तो आवाज..." पंच म्हणाले.

"गाडीत घंटी कुणी वाजवली ते डायव्हर इचारत न्हाई. थांबती ती. चेंडू लागला का न्हाई लागला?"

"लागला."

"मंग?"

पंचांनी मूठ वर केली. "आऊट!"

अक्षी पळत सुटली. घंटी नाही, काही नाही, आपली आपली पळाली ती थेट करंजाखाली. आणि मोहिनी, जिला मी बाजारात नावं ठेवली ती मोहिनी, पोत्यावर उभी राहून ओरडली, "आली, आली, माती खाऊन आली! अक्षे, तुझ्यामुळं हारलो आपण!" तिनं सणसणीत टपली मारली. बाकीची पोरं धावत आली, कुणी वेणी ओढली, कुणी म्हणालं, "रस्त्यात गाडी पंक्चर झाली व्हय गं?" आणि सरकून सरकून त्यांनी मधे जागा केली. तुझ्यामुळं हारलो, असं त्या पोरीला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती हसत होती, आणि हसता हसता शेजारच्याची बोरं पळवत होती. "मी आऊट झाले, आज्जे!" ती तिथूनच ओरडली. "मी! आऊट!"

सावळेराम पेटी उघडून पोत्याकडं निघाला, नाक ओढत. आपल्या गुन्ह्याची भरपाई म्हणून लाल लाल गारीगारं वाटायला लागला. मी त्याला काही बोलले नाही. ते उद्यासाठी ठेवलं.

सर मात्र मैदानातच उभे होते. डोळे ओले, हातात ती पाण्याची बाटली, आणि ती धरायला शेजारी कुणी नाही. मला बघून म्हणाले, "आजी, मला वाटलं, तिला वाईट वाटेल."

घंटी मी कमरेला खोचली. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ऋषी सर, तुमी माणूस चांगलं, जीव लावणारं, पर आज तुमीबी आऊट. जावा, बसा पोत्यावर. आन् तिनं सरकून जागा दिली, तरच बसा."